बाहेर ह्यांना भेटलात का?

खंडपीठाच्या पहिल्या मजल्यावर, लाकडी बाकावर बसल्या बसल्या आमच्या ह्यांनी मला सांगितलं की आज त्यांचा वकील वेगळा आहे.

"वेगळा म्हंजे?"

"तुझे तांबोळी साहेबच. माझ्यासाठी साळुंके म्हणून एक नवी वकिलीण धरलीय."

"आणि ती काय बोलणार?"

"पैसे मीच घेतले म्हणणार. बायकोला कळू दिलं नव्हतं म्हणणार. वय बघून शिक्षा कमी करा म्हणणार."

"अहो, बारा वर्षं आपण सांगतोय की त्या मिसाळनं नोटा तुमच्या खिशात कोंबल्या."

"सांगितलं की. कुणी ऐकलं? दोघं मिळून बुडण्यापेक्षा एक तरी काठाला लागू दे. तांबोळी साहेबांशी बोललोय मी."

भिंतीवरच्या पाटीवर चौथी केस चालू होती. आमची सतरावी. नको म्हणायला मला अख्खा दिवस होता. पण खालच्या कोर्टानं दोघांनाही चार चार वर्षं दिली होती, आणि चोपन्नाव्या वर्षी तुरुंगात जायची माझी तयारी नव्हती. मी पदर सावरला आणि पाटीवरचा आकडा बदलायची वाट बघत बसले.

मी तलाठी होते. ह्यांचं खताचं दुकान बुडालं, तेव्हापासून हे रोज माझ्या कार्यालयाबाहेर लिंबाखाली खुर्ची टाकून बसायचे. सुरुवातीला गाव हसलं. "तलाठीणबाईंचे मिस्टर पहाऱ्यावर हायेत," म्हणायचे. वर्षभरात तेच लोक त्यांना साहेब म्हणायला लागले. लोकांचे अर्ज तेच तपासून आत पाठवायचे. काही अर्जांचा कोपरा दुमडलेला असायचा. "कोपरा दुमडला म्हणजे कागद पूर्ण आहेत, तू डोळे झाकून सही कर," असं त्यांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. मी मान डोलावली. कागद पूर्ण असलेले आणि कोपरा न दुमडलेले अर्जही माझ्याच टेबलावर पडून असायचे. एवढी खुळी मी नव्हते.

अकरा वर्षांत मी कुणाकडे एक रुपया मागितला नाही. गंगाजळी उचलून सांगेन. मी फक्त विचारायचे, "बाहेर ह्यांना भेटलात का?"

उद्धव मिसाळला मी तीनदा विचारलं. एसटीच्या डेपोतला मेकॅनिक. बाप वारला म्हणून भावंडांची नावं सातबाऱ्यावर लावायची होती. कागद पूर्ण होते, तरी तीनदा परत पाठवला. चौथ्या खेपेला तो लाचलुचपत खात्यानं दिलेला पंच बरोबर घेऊन आला, चुलतभाऊ म्हणून. मी सवयीनं विचारलं. ते बाहेर गेले आणि पाचव्या मिनिटाला आरडाओरडा ऐकू आला. त्यानं दिलेल्या पाचशेच्या चार नोटांना पावडर लावलेली होती. ह्यांचे हात काचेच्या ग्लासातल्या सोड्याच्या पाण्यात बुडवले आणि पाणी गुलाबी झालं. मग माझेही बुडवले. पाणी जसंच्या तसं राहिलं. तरी खालच्या कोर्टानं नवरा-बायको एकच धरले आणि माझी नोकरी गेली.

तीन वाजता आमचं नाव पुकारलं. तांबोळी वकील त्या न बदललेल्या पाण्यावर अर्धा तास बोलले. बाईंनी मागणी केली नाही, नोटांना बोट लावलं नाही. सरकारी वकील उठले आणि म्हणाले, "मग 'बाहेर ह्यांना भेटलात का', हे विचारायचं कारण काय?"

न्यायमूर्तींनी चष्मा काढला. "तांबोळी, मला एक सांगा. अकरा वर्षं नवरा दारात बसून लोकांकडून पैसे घेतो आणि आत बसलेल्या बाईला पत्ता नसतो?"

तांबोळी कागद चाळायला लागले. न्यायमूर्तींची नजर आता माझ्याकडे वळणार आणि माझ्या तोंडावर सगळं दिसणार, अशी माझी खात्रीच झाली. मी मान खाली घातली.

तेवढ्यात साळुंके उभ्या राहिल्या. "माझ्या अशिलाचं म्हणणं आहे, माय लॉर्ड, की त्यांनी बायकोला फसवलं. आपण फक्त कागद तपासतो, असं ते तिला सांगत आले."

मागच्या बाकापाशी हे हात जोडून उभे राहिले होते. न्यायमूर्तींनी त्यांना बराच वेळ न्याहाळलं. ह्यांचा चेहरा इतका सरळ होता की क्षणभर मलाही ते खरं वाटलं. आपला नवरा एवढं सफाईनं खोटं बोलू शकतो, हे लग्नाला तीस वर्षं झाल्यावर मला कळलं.

न्यायमूर्तींनी तिथल्या तिथे निकाल सांगायला सुरुवात केली, लघुलेखक टिपून घेत होता. इंग्रजी भराभर चाललं होतं. नुसतं विचारणं म्हणजे मागणी होत नाही, संशयाचा फायदा, एवढं मला समजलं. मी सुटले. ह्यांचा दोष कायम राहिला, शिक्षा चार वर्षांवरून एका वर्षावर आली. चार आठवड्यांत हजर व्हायचं.

खाली उपाहारगृहात हे स्वतः जाऊन चहा आणि भजी घेऊन आले. बशी माझ्यापुढे सरकवली.

"नोकरी परत मिळंल. मागचा पगार पण मिळंल म्हणाले तांबोळी साहेब. आता तरी हस की."

"तुम्ही खा."

त्यांनी भजं उचललं आणि परत ठेवलं. "रत्ना, एक बोलायचं होतं. बारा वर्षं धीर झाला नाही."

"बोला."

"आज कोर्टात सांगितलं ते खरंच आहे गं. तू भोळी. कागद बघितलेत म्हणालो की सही करायचीस. तुझ्या त्या विश्वासावर मी पैसे खाल्ले. तुझी नोकरी गेली, गावानं तुला चोर म्हणलं, अन् तू एका शब्दानं मला बोलली नाहीस. तुझ्या तोंडाकडं बघायची लाज वाटायची मला." त्यांनी हात जोडले. "मला माफ कर."

मी त्यांच्याकडे नीट बघितलं. ते नाटक करत नव्हते. ह्या माणसाला खरोखरच वाटत होतं की मला काही माहीत नव्हतं.

एकच वाक्य बोलायचं होतं. मला पहिल्या महिन्यापासून माहीत होतं, एवढंच. निकाल काही त्यानं बदलला नसता, पण तुरुंगात जाताना त्यांच्या मनावरचं अर्धं ओझं तरी उतरलं असतं. वाक्य जिभेवर आलं होतं.

"झालं गेलं," मी म्हणाले. "मी तुम्हाला केव्हाच माफ केलंय."

त्यांनी रुमालानं डोळे पुसले आणि मग भजी खायला घेतली.