नावं पोचवणारा कनेक्टर

मला बघायला कुणी आलं, तर दाखवण्यासारखं माझ्याकडे काही नाही. ना रंग, ना रूप, ना वजन. हॉस्पिटलच्या संगणक विभागात जी थंडगार मधली खोली आहे, तिथल्या एका यंत्रात मी राहतो. मी कनेक्टर, म्हणजे एकीकडची माहिती दुसरीकडे नेणारा प्रोग्राम. इथे कामाला असलेल्या प्रत्येकाचं नाव मी जिथल्या तिथे पोचवतो, आणि हे मी मान ताठ करून सांगतो. मान नसली म्हणून काय झालं?

माझं काम समजायला सोपं आहे. इथल्या सगळ्या माणसांची मुख्य नोंद क्लाउडवरच्या डिरेक्टरीत असते. क्लाउड म्हणजे आभाळात काही नसतं. दूरच्या कुठल्यातरी इमारतीतली यंत्रंच ती, इंटरनेटवरून उघडणारी. कोण डॉक्टर, कोण नर्स, कोण कुठल्या गटात, ते तिथे लिहिलेलं. पण वॉर्डाचं दार, औषधांचं कुलूपबंद कपाट, पेशंटच्या फायली यांची यंत्रं इथली. त्यांना तिकडचं काही कळत नाही. मी दर अर्ध्या तासाने तिकडे फेरी मारतो, काय बदललं ते वाचतो आणि इकडे येऊन सांगतो.

माझ्या आधी हे काम काका करायचे. विभागातले सगळ्यात जुने. एकेक नाव हाताने टाइप करायचे, तेही प्रत्येक यंत्रात वेगळं. एकटा माणूस किती ठिकाणी पुरा पडणार? नवी नर्स आली की आठवडाभर दुसरीचं कार्ड मागून दार उघडायची. आणि नोकरी सोडून गेलेला एक कंपाउंडर पुढे कधीतरी सहज भेटायला आला, सवयीने कार्ड लावून बसला, तर औषधांचं कपाट उघडलं! माणूस भला, त्यानेच ओरडून सांगितलं. मोठ्या सिस्टरांनी त्या दिवशी संगणक विभागात येऊन जो आवाज लावला, त्यातून माझा जन्म झाला.

मला घडवलं ताईने. विभागात तिला सगळे ताईच म्हणत, तिच्याहून कितीतरी मोठे काकासुद्धा. तिने आधी मला डिरेक्टरीची चावी दिली, पण बजावून. तिकडे फक्त वाचायचं, एका अक्षराला हात लावायचा नाही. पासवर्ड तर न्यायचेच नाहीत, ज्याचा त्याच्यापाशी. मला आजवर कुणाच्या पासवर्डचा वाससुद्धा लागलेला नाही. कुठले गट न्यायचे आणि कुठल्यांकडे बघायचंही नाही, हे तिने एकेक करून ठरवलं. मग तिकडच्या कुठल्या रकान्यातलं इकडच्या कुठल्या रकान्यात घालायचं, ते शिकवलं.

पहिली चाचणी काकांच्या एकट्याच्या नावावर झाली. रकाने जुळवताना ताईच्या हातून एक ओळ वरखाली झाली होती. मी इमानेइतबारे काकांच्या नोंदीतला मजला उचलला आणि नावाच्या जागी नेऊन ठेवला. काकांनी संगणक उघडला, तर पडद्यावर अक्षरं आली, ‘नमस्कार, दुसरा मजला!’

ताईने कपाळाला हात लावला. काका मात्र खुर्चीत मागे रेलून हसत सुटले. "राहू दे गं तसंच! एवढ्या वर्षांच्या नोकरीत निदान एक मजला तरी नावावर झाला!"

खरा वाद झाला तो ओळख पटवण्यावरून. तिकडचा माणूस आणि इकडचा माणूस एकच आहे, हे मी कशावरून ओळखायचं?

विभागाचे साहेब घाईत होते. "ईमेलवरून जुळवा की. सगळ्यांकडे आहे. आज काम संपेल."

"ईमेलमध्ये आडनाव असतं, साहेब. आडनावं बदलतात," ताई म्हणाली.

"अशी कितीशी माणसं असणार?"

"एक तर मीच आहे."

ताईचं लग्न मोडल्याला बराच काळ लोटला होता. तिला माहेरचं नाव परत लावायचं होतं. पण आडनावाबरोबर ईमेल बदलला असता, तर यंत्रांनी तिला नवीनच बाई समजून कोरं खातं उघडलं असतं आणि तिचं आजवरचं सगळं काम जुन्या नावाखाली बंद पडलं असतं. म्हणून नको असलेलं नाव ती रोज गळ्यातल्या कार्डावर वागवत होती.

"मग कशावर जुळवायचं?" साहेबांनी हलक्या आवाजात विचारलं.

"कर्मचारी क्रमांकावर. लग्न होवो, मोडो, तो बदलत नाही."

तसंच ठरलं. ज्या दिवशी मी पूर्णपणे सुरू झालो, त्या दिवशी ताईने डिरेक्टरीत स्वतःचं आडनाव बदलून घेतलं आणि माझ्या फेरीची वाट बघत बसली. मी गेलो, क्रमांक ओळखला, नवं नाव उचललं आणि सगळीकडे पोचतं केलं. तिने एकेक यंत्र उघडून बघितलं. जुनं काम जागेवर, नाव तिचं. काकांनी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला आणि ते उगीचच खिडकीबाहेर बघत राहिले.

ताईने मला आणखी एक गोष्ट शिकवली होती. एका फेरीत फार माणसांची नावं काढायची वेळ आली, तर काढायची नाहीत. थांबायचं आणि तिला कळवायचं. "यंत्राला कसल्या शंका शिकवताय?" असं साहेब तेव्हा म्हणाले होते.

ती वेळ एका सकाळी आली. कर्मचाऱ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या आस्थापना विभागात एक बाई होत्या, सगळे त्यांना वहिनी म्हणत; त्या डिरेक्टरीत दोन विभाग एकत्र करत होत्या. त्यांनी अतिदक्षता विभागाचा जुना गट आधी पुसला. नवा करून त्यात माणसं घालायची, एवढ्यात त्यांना फोन आला. नेमकी त्याच वेळी माझी फेरी! बघतो तर अतिदक्षतेचा गटच नाही. नियमाने त्या सगळ्या नर्सची नावं दारावरून, कपाटावरून, फायलींवरून उतरवायला हवी होती. हात उचललाच होता, पण आकडा मोठा दिसला आणि मी थांबलो. ताईला निरोप धाडला.

ती जिन्यात होती. तिथूनच तिने वहिनींना फोन लावला. "वहिनी, अतिदक्षतेचा गट तुम्ही काढलात?"

"हो, नवा करतेच आहे. का गं?"

"आधी तो करा. माझा गडी खोळंबलाय."

वहिनींच्या लक्षात आलं आणि त्या लगेच कामाला लागल्या. नवा गट झाला, माणसं त्यात आली, ताईने तपासून मला पुढे जायला सांगितलं. त्या मधल्या वेळात एका पेशंटची नाडी मंदावली होती. मोठ्या सिस्टरांनी कपाटाला कार्ड लावलं, कपाट उघडलं, औषध वेळेवर गेलं. असं काही होता होता राहिलं, हे त्यांना ठाऊकही नव्हतं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी कामगिरी कुणाला दिसली नाही, आणि मला तिचाच सगळ्यात जास्त अभिमान आहे. साहेबांनी मात्र पुढच्या बैठकीत स्वतःहून सांगितलं, "ताईंनी त्याला थांबायला शिकवलं, म्हणून आज आपण इथे बसलोय."

आता मी जुना झालोय. गेल्या महिन्यात ताईला दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलात बोलावणं आलं. निरोपाच्या दिवशी तिने वहिनींना आपली नोंद बंद करायला सांगितली. मी फेरीला गेलो आणि तिचा क्रमांक दिसला. एकच नाव होतं, थांबायला काही कारणच नव्हतं. मी ते सगळीकडून उतरवलं.

ताई बाहेर उभी होती. तिने विभागाच्या दाराला कार्ड लावलं. लाल दिवा लागला. दार ढिम्म.

"अगं, मी उघडतो की!" काका आतून धावले.

"नको काका, तेवढंच बघायचं होतं." तिने कार्ड गळ्यातून काढून त्यांच्या हातात दिलं आणि दारावर अलगद थाप मारली. "शाब्बास रे!"

लोकहो, कुणी आलं की त्याचं नाव वेळेवर लिहा, कुणी गेलं की वेळेवर काढा. एवढंच माझं मागणं. निघतो, फेरीची वेळ झाली.