येणारी धाकटी

छकुलीला अंघोळ घालून आई तिचे पाय पुसत होती. छकुली टॉवेल तोंडात कोंबायच्या मागे, आणि तिचं अर्धं लक्ष छकुलीच्या घशाकडे: धागा तर गेला नाही ना. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून नवऱ्याचा आवाज आला.

"थोरलीत आता काही राम राहिला नाही. जरा काम पडलं की तापते."

"आणि तापली की आवाज किती करते," दीर म्हणाला. "धाकटी बघ. शांत, खाणार कमी, कामाला वाघ. ती आली की थोरलीकडे कोणी ढुंकून बघणार नाही, लिहून घे."

"येऊ दे तर खरी एकदा."

टॉवेल तिच्या हातातच राहिला. या घरात थोरली सून तीच होती, आणि दिराचं लग्न नुकतंच ठरलेलं होतं.

चहाचे कप तिने असे ठेवले की दोघा भावांनी वर पाहिलं.

"काय झालं गं?" नवऱ्याने विचारलं.

"काही नाही. तापलेय."

त्याने खरंच तिच्या कपाळाला हात लावला. "ताप नाहीये."

"मग आवाज करत असेन. तुम्हीच म्हणालात ना आत्ता."

भाऊ एकमेकांकडे बघत राहिले, आणि मग दिराच्या नाकात चहा गेला. हसू आवरल्यावर त्याने सांगितलं ते असं: कॉम्प्युटरचा मेंदू म्हणजे प्रोसेसर, त्याच्या चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या दोन. जी आधीपासून आहे तिला हे भाऊ लहानपणापासून थोरली म्हणत, नंतर आलेली ती धाकटी. धाकटीची नवी, कमी वीज खाणारी चिप लवकरच बाजारात यायची होती. गेम खेळायला दोघांत एक नवा कॉम्प्युटर घ्यायचा ठरला होता. थोरलीला नावं दोघेही ठेवत; भांडण एवढंच, की आज मिळते ती थोरलीच घ्यायची, हे नवऱ्याचं म्हणणं, की धाकटीसाठी थांबायचं, हे दिराचं.

"वेडाबाई, तुझ्याबद्दल असं बोलेन का मी?" नवरा म्हणाला.

तीही हसली. पण शांत, खाणार कमी, कामाला वाघ, हे शब्द काही केल्या मनातून जाईनात.

रविवारी तिची होणारी जाऊ घरी आली. इमारती बांधण्याआधी कशा दिसतील याची चित्रं ती कॉम्प्युटरवर काढायची, आणि गेम तर शाळेपासून खेळायची. पायातलं काढून आत आली, पाणी प्यायली आणि थेट वादात शिरली.

"दादा, वेगाचे आकडे काय बघताय? कॅश बघा. चिपच्या हाताशी असलेली मेमरी. गेमला तीच लागते, आणि धाकटीत ती भरपूर आहे म्हणतात."

"अरे वा," नवरा पुढे सरकून म्हणाला. "हे आम्हाला सुचलंच नाही."

छकुलीची आई दारात उभी राहून बघत होती. छकुलीला दात येताहेत, रात्रभर किरकिरते, हे ती सांगत असताना याच माणसाने फोनवरची नजर न काढता "हं" केलं होतं. आता मात्र कान टवकारून बसला होता. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासणारा माणूस, घरात कोणाकडे इतका रोखून बघताना तिने कितीतरी महिन्यांत पाहिला नव्हता.

"ताई, तुम्ही सांगा ना," जाऊ वळून म्हणाली. तिच्या बोलण्यात खोट नव्हती. "थोरली की धाकटी?"

छकुलीने तेवढ्यात माउसची वायर तोंडात घातली. वायर काढून घेता घेता छकुलीची आई म्हणाली, "थोरली. तापते तर तापू दे, का तापते ते तरी माहीत आहे. धाकटीचं नुसतं ऐकतोय. येण्याआधी सगळ्याच गुणी असतात."

"घ्या," नवऱ्याने मांडीवर थाप मारली. "हाच तर मुद्दा. कोणी चालवून बघितलीय का अजून?"

"वहिनी, तुम्हाला आमच्या बाजूच्या समजत होतो मी," दीर म्हणाला. "थांबा, लग्न झालं की आमच्या बाजूलाही दोन मतं पडतील."

दोघांनाही काही कळलं नव्हतं. जावेला कळलं. तिचे कान लाल झाले. "हो," ती हळूच म्हणाली, "आल्यावरच कळेल." आणि रिकामे कप गोळा करून स्वयंपाकघरात गेली.

"तू ये, इथे बस," नवऱ्याने जावेची रिकामी झालेली खुर्ची ओढली. "भारी बोललीस. हे बघ, तुला दाखवतो."

पडद्यावर चिपच्या वेगाची तुलना करणाऱ्या रंगीत पट्ट्या होत्या, काही आखूड, काही लांब. त्यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. आत नळ सुरू झाला. लग्नाआधी पहिल्यांदा घरी आलेली मुलगी त्यांचे कप विसळत होती. राहू दे गं, मी करते, हे शब्द तिच्या ओठांवर आले.

तिने छकुलीला मांडीवर नीट घेतलं, खुर्ची आणखी थोडी नवऱ्याकडे सरकवली आणि विचारलं, "ही लांब पट्टी कोणाची रे?"