काकवीचं बोट

सांगवीच्या मारुतीच्या देवळासमोर पेशीनाथ महाराजांचा दरबार भरला होता. मांडवात मुंगी शिरायला जागा नव्हती. महाराज माइकवर गरजत होते, "तुमच्या अंगातली एकेक पेशी माझ्याशी बोलते! सुई टोचून तिचं तोंड का बंद करता? आणि मशीन तर खोटं बोलत नाही ना?"

मशीन म्हणजे शुगर मोजायचं साधं यंत्र. भक्तानं आधी मध घातलेल्या काकवीचा प्रसाद बोटानं चाटायचा, मग तेच बोट टोचून घ्यायचं. आकडा साडेचारशे. मग महाराज त्याच हातावर मंतरलेलं तीर्थ ओतायचे, पुसून पुन्हा टोचायचे. आकडा एकशेचाळीस. टाळ्यांनी मांडव दणाणायचा.

रोहिणी गर्दी रेटत पुढं घुसली. ओव्हरटाइममुळं ती लोणी देवकरला, कारखान्याच्या गावीच मुक्कामाला होती. तिच्या नऊ वर्षांच्या लेकीच्या, छकुलीच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नव्हतं. पोर इंजेक्शनवर जगत होती. ते द्यायचं काम सासऱ्यांकडं, रामहरी आबांकडं होतं. फोनवर ते रोज 'दिली सुई' म्हणत. आज ती निरवांगीला घरी आली, तर दोघंही इथं आल्याचं कळलं.

छकुली महाराजांच्या पायाशी आडवी होती. लांब, खोल श्वास घेत होती.

"ऐका, श्वासात ओंकार उमटलाय!" महाराज म्हणाले. "तोंडाला फळांचा सुवास!"

बायका पोरीच्या पाया पडत होत्या. रोहिणीनं तो वास ओळखला. इन्सुलिन थांबलं की रक्त आंबट होतं, श्वासाला असा वास येतो, मग काही तासांत जीव जातो, हे डॉक्टरांनी तिला बजावलं होतं.

"आबा, सुई कवा दिली?"

"न्हाय दिली. मागल्या दरबारात महाराजांनी पोरीचा आकडा उतरवला की! माज्या डोळ्यांदेखत."

"टोचायच्या आदी बोट धुतलं व्हतं?"

"प्रसादाचा हात धुत्यात व्हय? डोक्याला पुसायचा."

ती पोरीला उचलायला वाकली, तर चेल्यांनी वाट अडवली. मग तिनं यंत्रच ओढून घेतलं. काकवीत बोट बुडवून टोचलं. चारशेतीस. बाटलीतल्या साध्या पाण्यानं हात धुऊन पुन्हा टोचलं. शहाण्णव.

"मला शुगर न्हाय, आन् ह्ये नळाचं पानी हाय!" ती ओरडली.

मग छकुलीचं बोट धुऊन टोचलं. साखर इतकी चढलेली, की यंत्राला आकडाच दाखवता आला नाही.

"शंकेनं तीर्थ बाटलं!" महाराज किंचाळले. पण लोक आता आपापली चिकट बोटं बघत होते. पहिली चप्पल कुणी भिरकावली कळलं नाही. चेले महाराजांना वाचवायला धावले, तेवढ्यात रोहिणीनं पोर उचलली.

बारामतीच्या दवाखान्याच्या वाटेवर आबांच्या मांडीवर छकुलीची शुद्ध हरपली. डॉक्टरांनी शिकस्त केली. संध्याकाळी ती गेली.

भेटायला आलेली शेजारची कौसल्याकाकू म्हणाली, "नशिबात व्हतं, बाई." कोपऱ्यात आबांनी होकाराची मान डोलावली. ते बघून रोहिणी उसळली.

"नशीब न्हाय, काकू! मशीनच्या पट्टीवर औषध असतंय. त्याला साखरेचा रेणू घावला की ते मशीनला विजेचा निरोप धाडतं. रेणू रगतातला का काकवीतला, ते त्याला कळत न्हाय. त्याला डोकं न्हाय. आबा, तुमाला व्हतं. माजी पोरगी मेली. काकू, तुमच्या घरातली लेकरं तरी वाचवा. कुणी चमत्कार दावला तर आदी हात धुवा, मग मोजा. आन् डाक्टरला इचारल्याबिगर लेकराची सुई थांबवू नका."