बांधावरची तुती

मित्रांनो, मी मातीचा बांध आहे. आता माझे दोन तुकडे झाले आहेत आणि मधल्या मोकळ्या जागेतून शेळ्या येजा करतात. पण सव्वीस वर्षे मी एकसंध होतो. माझ्या पोटाशी तळे होते आणि त्या तळ्यावर संत्र्यांची साडेतीनशे झाडे जगत होती.

मला बांधले ते एका रोलर चालवणाऱ्या माणसाने. उभा जन्म त्यांनी रस्त्यांवर रोलर फिरवला, म्हणून सगळे त्यांना रोलरवाले म्हणत. नोकरीतून मोकळे झाल्यावर त्यांनी ही उताराची जमीन घेतली. पाऊस पडला की पाणी उतारावरून धावत ओढ्याला मिळायचे आणि महिन्याभरात जमीन पुन्हा कोरडी ठणठणीत.

"हे पाणी आपल्या डोळ्यांदेखत पळून जातं," ते बायकोला म्हणाले. "त्याला जरा टेकायला जागा करू या."

मग कामाला सुरुवात झाली. मधोमध चिकण माती, दोन्ही अंगांना मुरूम आणि पाण्याच्या बाजूला दगड. वीतभर थर टाकायचा, त्यावर पाणी शिंपडायचे आणि रोलर फिरवायचा. पाणी शिंपडायचे काम मालकीणबाईंचे. आठ वर्षांची लेक बाबांच्या शेजारी रोलरवर बसून झोपून जाई.

"अहो, पुरे की आता! दगड झालाय त्या मातीचा," मालकीणबाई ओरडत.

"अजून दोन फेऱ्या. रस्ता खचला तर लोक शिव्या देतात. बांध खचला तर शिव्या द्यायलाही कुणी उरत नाही."

असा मी थराथराने मोठा झालो. माझ्या एका टोकाला त्यांनी दगडी सांडवा केला, म्हणजे तळे भरले की जादा पाणी बाजूच्या वाटेने निमूट निघून जावे. पहिल्या वर्षी तळे काठोकाठ भरले, तेव्हा आजूबाजूचे लोक मला बघायला आले. माझ्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी, एक दूधवाले राहत. त्यांनी मला हाताने थोपटले आणि म्हणाले, "रोलरवाले, तुम्ही तर डोंगरच उभा केलात." मला अभिमान वाटला. खोटे कशाला सांगू?

मालक मला कधी विसरले नाहीत. दर रविवारी ते माझ्या पायथ्याशी येत. तिथून थोडे पाणी नेहमी पाझरायचे. मातीच्या बांधातून ते पाझरतेच. मालक ते काचेच्या पेल्यात धरून उन्हाकडे करत. पाणी नितळ दिसले की म्हणत, "चला, आठवड्याची सुट्टी!" पाण्यात माती दिसली तर मात्र बांध आतून झिजतो आहे, असे समजायचे. मग ते माझ्या अंगावरून एक फेरी मारत आणि जे रोप दिसेल ते उपटून टाकत.

"तुम्हाला हिरवं काही बघवतच नाही का हो?" मालकीणबाई चिडवायच्या.

"बागेत बघवतं. इथं मुळं आत शिरली की बांधाचं काही खरं नाही."

लेक त्या वेळी घरात अभ्यासाला बसलेली असायची. हे बोलणे तिच्या कानांवर कधी पडले नाही.

माझ्या चौदाव्या वर्षी, बागेत पाइप जोडता जोडता मालकांच्या छातीत कळ आली. ते संत्र्याच्या झाडाला टेकून खाली बसले, ते पुन्हा उठले नाहीत. मालकीणबाई हाका मारत धावल्या, तेव्हा त्यांच्या हातात पाइपाचा जोड तसाच घट्ट धरलेला होता.

लेक आता मोठी झाली होती. शहरात चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. ती आली, आठ दिवस राहिली, आणि जायच्या आदल्या दिवशी एक तुतीचे रोप घेऊन माझ्या माथ्यावर चढली. मालकांना तुतीची फळे फार आवडायची. तिने बरोबर माझ्या मधोमध खड्डा केला. मालकीणबाई पाण्याची बादली घेऊन मागून येत होत्या. खड्डा बघून त्या थबकल्या.

"आई, इथून बाबांना सगळी बाग दिसेल," लेक म्हणाली. तिचे डोळे रडून सुजले होते.

मालकीणबाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडले. मग त्या पुढे झाल्या आणि त्यांनीच रोपाला पाणी घातले.

तुती माझ्यावर जोमाने वाढली. शेजारी एवढे तळे असल्यावर तिला काय कमी? लेक फोन करायची तेव्हा आधी विचारायची, "तुती कशी आहे?" आणि मग, "तू कशी आहेस?" मालकीणबाई हसून सांगायच्या, "दोघी बऱ्या आहोत." फळे आली की लेक यायची, झाडाखाली बसायची, बोटे जांभळी होईपर्यंत खायची आणि बाबांशी मनातले बोलायची. मीही ते सगळे ऐकायचो. मला तिचा राग कसा येणार? पण माझ्या आत मुळे उतरत होती. पाण्याच्या ओढीने ती चिकण मातीचे थर भेदत खोल खोल चालली होती. मालकीणबाई दर रविवारी पेला भरत, उन्हात धरत, आणि नितळ पाणी बघून सुस्कारा सोडत. बाकी सगळी रोपे त्या न चुकता उपटत. त्या एका झाडापाशी आल्या की त्यांचे पाऊल अडायचे. खोडावर हात ठेवून त्या क्षणभर उभ्या राहत आणि पुढे जात.

नऊ वर्षांनी तुतीला खोडकिडा लागला आणि ती वाळली. झाड जमिनीसरसे कापले त्या दिवशी मालकीणबाई म्हणाल्या, "सुटले बाई एकदाची." आणि तिथेच बसून हुंदके देऊन रडल्या. त्यांना वाटले, संकट टळले. पण मुळे माझ्या आतच होती. ती कुजली, पोकळ झाली, आणि जिथे मूळ होते तिथे वाट झाली.

सव्विसाव्या वर्षी पाऊस जोराचा होता. तळे भरून सांडवा वाहत होता. रविवारी दुपारी उघडीप झाली, तशा मालकीणबाई पायथ्याशी आल्या. त्यांनी पेला भरला. पाणी गढूळ होते. त्यांनी ते फेकले, पेला पदराने पुसला, पुन्हा भरला. पाणी चहासारखे होते.

त्यांनी फोन केला आणि तासाभरात एक इंजिनिअर आले. वाकून, गुडघे टेकून त्यांनी सगळे पाहिले.

"आतून पाण्यानं वाट केलीय," ते म्हणाले. "ती मोठी होत जाणार. पुढचा मोठा पाऊस यायच्या आत तळं रिकामं करायला हवं. सांडवा खोल कापून पाणी बेतानं सोडू आणि मग बांधाचा हा भाग खणून काढू. बांध आपोआप फुटला, तर खालचं घर राहणार नाही."

खालचे घर दूधवाल्यांचे. त्यांची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली होती. तेही तोवर वर आले होते.

"वहिनी, माझ्यासाठी बांध तोडू नका," ते म्हणाले. "मी गाई वर आणतो. आईलाही चौघे मिळून उचलू. चार दिवस वाट बघू. पाणी गेलं तर तुमची बाग जाईल हो!"

"आणि घर?"

"घराचं काय, परत बांधू."

मालकीणबाईंनी पेला माझ्या पायथ्याशी ठेवला. मग म्हणाल्या, "घर तुमचं आहे, भाऊजी. बांध माझा आहे. जायचंच असेल तर माझं जाऊ दे."

सांडवा कापायला यंत्र आले. चालकाने खिडकीतून मान काढून विचारले, "कुठून लावू, बाई?" ज्या हाताने त्यांनी थराथरावर पाणी शिंपडले होते, तोच हात त्यांनी उचलून दाखवला. पाणी दोन दिवस, दोन रात्री बेताबेताने ओढ्यात उतरत राहिले. दूधवाल्यांच्या अंगणात पाण्याचा थेंबही शिरला नाही. तिसऱ्या दिवशी तळ्यात नुसता चिखल उरला, आणि यंत्राने मला मधोमध खणायला सुरुवात केली.

त्याच सकाळी लेक आली. खणलेल्या भिंतीत तिला एक मूळ दिसले. वरची साल शाबूत होती, आत पोकळी. तिने त्यात हात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला आणि बाहेर आला तेव्हा ओला होता.

"आई, ही तुती आहे ना?"

मालकीणबाईंनी मान डोलावली.

"तुला माहीत होतं? झाड लावायचं नसतं, हे माहीत होतं तुला?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते गं. तू आठ दिवस अन्नाला शिवली नव्हतीस. ते रोप लावलंस आणि घरी येऊन पहिल्यांदा दोन घास खाल्लेस. पुढं दर वर्षी म्हटलं, आता सांगू, आता सांगू. तू त्याच्याशी बोलत बसायचीस. माझ्यानं नाही झालं."

लेक तिथेच चिखलात बसली. मालकीणबाईंनी तिचा चिखलाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. यंत्राच्या चालकाने यंत्र बंद केले आणि तो दुसरीकडे तोंड करून उभा राहिला.

मला पुन्हा उभे करायचे बोलणे दोनतीनदा निघाले, पण ते काम त्या दोघींच्या आवाक्याबाहेरचे होते. पुढच्या दोन उन्हाळ्यांत बाग वाळली. मालकीणबाई दूधवाल्यांच्या विहिरीतून बादल्या आणून पहिली ओळ जगवू पाहत होत्या. विहिरीनेही तळ गाठला, तेव्हा त्या थांबल्या. मग लेक येऊन त्यांना शहरात घेऊन गेली. जाताना लेक माझ्याकडे न बघता गाडीत बसली. मला तिला सांगावेसे वाटत होते, पोरी, तुझा दोष नाही. पण मातीला कुठली वाचा!

मित्रांनो, तुमच्या आसपास माझ्यासारखा एखादा बांध असेल, तर त्याच्यावरून अधूनमधून एक फेरी मारा. पाझराचे पाणी पेल्यात धरून बघा. त्याच्यावर एखादे रोप दिसले, ते कुणीही कितीही मायेने लावलेले असो, बोटभर असतानाच उचला आणि बागेत नेऊन लावा. आणि जे सांगायलाच हवे, ते माणसाला त्याच दिवशी सांगा. त्या दिवशी लेक रुसली असती, आणखी एक दिवस उपाशी राहिली असती. मग मायलेकींनी मिळून ते रोप संत्र्यांच्या शेजारी लावले असते, आणि या क्षणी माझ्या पोटाशी पाणी असते.