लंकाबाईंच्या घरचा फोन

फोन वाजला तसा लंकाबाईंनी टीव्हीचा आवाज पार बंद केला. गोरखने दुधाची किटली उंबऱ्याशी ठेवली आणि तो तिथेच थांबला.

महाळुंग्यातल्या त्या आळीत हा एकच फोन. दर रविवारी सकाळी भोसरीच्या बूथवरून गोरख याच फोनवर बायकोशी, मंगलशी बोलायचा. पलीकडे इतकं शांत असे, की ती एकटीच आहे असं त्याला वाटे. आज तो गावी आला होता. भोसरीत खोली मिळाली होती. मंगलला न्यायचं की नाही, एवढंच ठरत नव्हतं.

फोन आळीतल्या अंजनाला होता, ठाण्याहून, नवऱ्याचा. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. खोलीत सात-आठ माणसं बसली होती. लंकाबाईंच्या सासऱ्यांना कमी ऐकू येई, म्हणून लाइनमनकडून फोनचा आवाज वाढवून घेतलेला. शब्द न् शब्द दारापर्यंत येत होता.

"ताप उतरला का?"

"हो."

"खरं सांग."

"बरंय समदं."

अंजना पदर सावरत निघून गेली.

"ही निदान एवढं तरी बोलती," लंकाबाई म्हणाल्या. "तुझी मंगल तेवढंबी न्हाई. तूच वरडतो, तोंडात मिठाची गुळणी धरली का म्हणून. पाण्यावर पोरी तिला गुळणीच म्हणत्यात आता."

सगळे हसले. गोरखही हसायला गेला.

"आन् मागल्या रविवारी रं?" कोपऱ्यातून गेणभाऊंनी त्याचा आवाज हुबेहूब काढला. "'बोलायचंच नसंल तर खोलीवर न्हेऊन काय करू तुला?'"

या वेळी बायका हसल्या नाहीत.

तो घरी आला तेव्हा मंगल वालाच्या शेंगा सोलत होती.

"किटली?"

"राहिली तिथंच."

तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा शेंगा हातात घेतल्या.

"समदे ऐकत्यात, हे सांगितलं का न्हाई मला?" त्याने विचारलं.

"कशावर सांगू? फोनवर?"

तो समोर बसला. सुपातली एक शेंग त्याने उचलली, पण ती सोलता येईना. खाली बघत म्हणाला,

"येशील का भोसरीला?"

मंगल उठली, दार लोटून कडी घातली आणि परत येऊन बसली.

"आता इचारा," ती म्हणाली.