गवतावरची वाकडी रेघ

मी एक जुनी, गंजकी आणि खरं सांगायचं तर मत्सरी स्लेज आहे. बर्फावर घसरणारी नव्हे, मित्रांनो, अमेरिकन फुटबॉलच्या सरावाची. लोखंडी सांगाडा, खाली दोन जाड पट्ट्या आणि पुढे ओळीने पाच गाद्या. पाच दांडगी पोरं मला खांद्यांनी धडक देतात आणि गवतावरून ढकलत नेतात. माझं वजन कमी पडू नये म्हणून कोच सोबचाक माझ्या पाठीवर उभे राहून ओरडतात, "ढकला रे! आजीचं कपाट सरकवताय काय?"

माझा जन्म मॉसबर्ग गावच्या पोलाद कारखान्यात झाला. तिथल्या वेल्डरांनी जेवणाच्या सुटीत मला जोडलं आणि शाळेला भेट दिलं. पुढे कारखाना बंद पडला, मी मात्र राहिले.

चेंडूचा मला पहिल्यापासून हेवा वाटतो. त्याला पुसतात, छातीशी धरतात, सामना जिंकला की त्याचा मुका घेतात. शाळेच्या दारातच त्याच्यासाठी काचेचं कपाट आहे. मी बारा महिने उघड्यावर असते. सामना कसा असतो, हेही मी कधी पाहिलेलं नाही. खेळाचं मैदान व्यायामशाळेच्या पलीकडे आहे, तिथून फक्त बँड आणि आरडाओरडा ऐकू येतो.

माझ्यासारखंच नशीब त्या पाच पोरांचं. चेंडू फेकणाऱ्याला वाचवायचं, एवढंच त्यांचं काम. डाव्या टोकाच्या गादीवर वेंडेल क्रुपा असायचा. फेकणारा कॉलिन उजव्या हाताचा, म्हणजे फेकताना त्याची पाठ डावीकडे. ती पाठ वेंडेलने राखायची. पेपरात फोटो कॉलिनचा येई. वेंडेल हसून म्हणायचा, "आमचं नाव छापून आलं तर समजावं, आम्ही काहीतरी घाण केली." कॉलिन दर गुरुवारी या पाचजणांना पिझ्झा खिलवायचा. वेंडेलला तेवढं पुरे होतं. मला नव्हतं, पण मला कोण विचारतो?

पहिले पाच सामने आम्ही जिंकले. सहाव्यात बँड एकाएकी थांबला. सोमवारी वेंडेल कुबड्या घेऊन आला. गुडघा गेला होता, त्याचा हंगाम संपला होता. तो कुबड्यांवर रेलला आणि मला त्या कुबड्यांचाही हेवा वाटला.

त्याच्या गादीवर अमोस टिलरी आला. आयत्या बिळावर नागोबा! मी त्याला जराही साथ दिली नाही. खरं तर मी आडवं यायची गरजच नव्हती. वेंडेल असताना गवतावर माझ्या पट्ट्यांच्या रेघा सरळ उमटायच्या, आता त्या डावीकडे वळू लागल्या. डावं टोक लंगडं पडत होतं. पोरांच्या बोलण्यातून कळायचं, सामन्यात कॉलिन मागून आपटला जातो, घाईत भलतीकडे फेकतो. आम्ही ओळीने तीन सामने हरलो. गाव म्हणालं, कॉलिनचा हात गेला. संघाच्या मुख्य कोचनी सगळे डाव बदलले. गवताकडे कोणी पाहिलं नाही.

एका माणसाने पाहिलं. वेंडेल रोज माझ्या शेजारी बाकावर बसून ती वाकडी रेघ बघायचा. सोबचाकनी त्याला विचारलंही, "काय चुकतंय रे? तुला दिसतंय का काही?"

"नाही, कोच."

खोटं बोलला. मला आनंद झाला. हरू देत, म्हटलं, म्हणजे आमची किंमत कळेल.

साखळीतल्या शेवटच्या सामन्याआधीचा गुरुवार उजाडला. हरलो तर हंगाम तिथेच संपणार होता, आणि या पोरांचं शाळेचं वर्षही शेवटचं होतं. कॉलिन पिझ्झा घेऊन आला. वेंडेलचा वाटा त्याने वेगळा ठेवला होता. "जास्त चीजवाला तुझा," असं म्हणून तो बाकावर बसू लागला, तर बरगड्या दाबून धरत, म्हाताऱ्यासारखा बसला.

"हे कधी झालं?" वेंडेलने विचारलं.

"मागच्या शुक्रवारी. त्यांचा एकजण मागून आला, दिसलाच नाही मला." कॉलिनने तक्रार केली नाही, तुकडा खाऊ लागला.

वेंडेलचा तुकडा हातातच राहिला. मग त्याने हाक मारली, "अमोस, इकडे ये. तू धडकेच्या आधीच ताठ उभा राहतोस. कंबर खाली ठेव, छोटी पावलं टाक. मला हे तीन आठवड्यांपूर्वीच दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही हरलात की मला बरं वाटायचं."

अमोसचे कान लाल झाले. तो म्हणाला, "वाटलं ना बरं? मग आता शिकव, शहाण्या. अंधार पडायला तासच राहिलाय."

त्या संध्याकाळी वेंडेल माझ्या पाठीवर बसला, दुखरा पाय लांब करून, आणि कोचपेक्षा मोठ्याने ओरडला. अमोस पडला, उठला, पुन्हा धडकला. सातव्यांदा मी सरळ गेले. मित्रांनो, मला जायचं नव्हतं, पण त्याने नेलं.

शुक्रवारी बँड थांबला नाही. शेवटी असा गलका झाला की माझे बोल्टही थरथरले.

सोमवारी सगळे काचेच्या कपाटापाशी जिंकलेल्या सामन्याच्या नव्या चेंडूचं कौतुक करत होते. वेंडेल एकटा माझ्याकडे आला. त्याने गवतावरच्या रेघेच्या कडेला कुबडी लावून ठेवली. रेघ तंतोतंत जुळली.

"माझ्याशिवायपण सरळ गेलीस," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, तरी तो हसत होता. मग खिशातून तेलाची डबी काढून त्याने माझे सांधे भिजवले, सगळ्यात आधी अमोसच्या गादीचे.

चेंडूचा हेवा मला अजूनही वाटतो, खोटं कशाला सांगू? पण मित्रांनो, तुमच्यात कोणी पाठ राखणारा असेल तर तो पडण्याआधी त्याची विचारपूस करा. आणि कधी तुमचाच जळफळाट झाला, तरी दिसलेली वाकडी रेघ लपवू नका. तीन आठवडे मी गप्प राहिले, कारण मला तोंड नाही. तुम्हाला आहे.