पूल बंद होता तेव्हा

राजुऱ्याच्या सडकेवरचा पूल पाण्याखाली जाऊन चार दिवस झाले होते. सोमवारी दिनेशच्या मायचं चंद्रपूरचं डायलिसिस चुकलं, आणि बुधवार उजाडला तरी वर्धा नदी उतरायचं नाव घेत नव्हती.

रात्रपाळी संपवून खुशाल बल्लारपूरच्या पेपर मिलच्या गेटबाहेर आला आणि त्याने आधी दिनेशला फोन लावला. दोघं आयटीआयपासूनचे दोस्त, बावीस वर्षं एकाच मिलमध्ये कामाला. दिनेशचा आवाज खोल गेलेला होता.

"माय कालपासून आडवी पडत नाई. बसून बसूनच श्वास घेते. बुधूकाका म्हणते, आता म्हातारीले तरास देऊ नोको, घरीच राहू दे."

"तू काय म्हणतं?"

दिनेश म्हणाला, "मले काई समजत नाई."

"थांब, मी येऊन राह्यलो."

"कसा येशीन? पूल बंद हाये ना!"

"रेल्वेचा तं चालू हाये!"

खुशालने घरी बायकोला, माधवीला, कळवलं आणि तसाच स्टेशनवर जाऊन पॅसेंजर गाडीत बसला. नदीपलीकडे माणिकगड स्टेशनवर उतरून त्याने ऑटो केला आणि ऑटोवाल्याला म्हणाला, "भाऊ, परत याचं हाये. उतरवून जाऊ नोका."

दिनेशच्या घरी त्याची माय, सोमारीबाई, खाटेवर वाकळींना टेकून बसली होती. पाय सुजून तुंबडीसारखे झालेले, ओठ निळसर. दिनेश उंबरठ्यावर डोकं धरून बसला होता. तीन रात्री तो झोपला नव्हता. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं उलटसुलट लागलेली. बुधूकाका, सोमारीबाईचा धाकटा दीर, दारातच आडवा आला.

"बापू, पंचाहत्तरीची बाई ते. पुरात कुठी नेतं तिले? वाटेतच काई झालं तं?"

"होऊ शकते, काकाजी. तुमचं खोटं नाई," खुशाल म्हणाला. "पण मायले कोणी विचारलं का?"

दिनेशने मान वर केली. चार दिवस घरात तिच्याबद्दलच बोलणं चाललं होतं. तिच्याशी मात्र कोणी बोललं नव्हतं.

खुशाल खाटेजवळ उकिडवा बसला. "माय, रेल्वेनं जाऊ. तरास होईन. येतं का?"

सोमारीबाईने त्याच्याकडे पाहिलं. एकेक शब्दाला तिला थांबावं लागत होतं. "दम लागून राह्यला... अन् तुम्ही गोठी करून राह्यले. उचला मले."

मग बुधूकाकाच सर्वांत आधी हलला. त्याने घरातली प्लास्टिकची खुर्ची आणली, आपला दुपट्टा सोडला आणि वहिनीला खुर्चीला नीट बांधलं.

स्टेशनवर नवीनच अडचण उभी राहिली. परतीची गाडी दुसऱ्या फलाटावर येणार होती आणि मध्ये जिना होता. वेळ थोडाच उरला होता. खुशालने खुर्ची वरच्या बाजूने धरली, दिनेशने खालून. अर्ध्यात दिनेश थांबला.

"माह्याच्यानं नाई होत, खुशाल."

"ठेव खाली. दम घे. गाडी अजून सिग्नलवरच हाये."

"सोमवारीच न्याले पाह्यजे होतं. मले काऊन रेल्वेचं सुचलं नाई?"

"ते मंग बोलू. आता पायऱ्या चढ."

दिनेशने तळहातांचा घाम पुसला आणि खुर्ची पुन्हा उचलली. या वेळी त्याने 'चाल' म्हटलं, खुशालने नाही.

पुलावर गाडी अगदी हळू झाली. खाली गढूळ पाणी अफाट पसरलं होतं, त्यात झाडांचे नुसते शेंडे. सोमारीबाई खिडकीला गाल लावून बघत राहिली.

"कितीक पाणी हे! अन् मले डाक्टर गिलासभरच पिऊ देते."

दिनेश हसला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले, तेव्हा त्याने तोंड दुसऱ्या खिडकीकडे फिरवलं.

बल्लारपूरला माधवी ऑटो घेऊन उभीच होती. चंद्रपूरच्या दवाखान्यात पोचेस्तोवर साडेबारा झाले. सत्यशीला सिस्टरांनी सोमारीबाईचे पाय दाबून पाहिले आणि काही न विचारता तिला सरळ मशीनला लावलं. डॉक्टरांनी दिनेशला बाजूला घेतलं. "हृदय थकलं आहे. पुढं किती दिवस, ते सांगता येणार नाही. पण अंगातलं आजचं पाणी आज निघेल."

दिनेशने मान डोलावली. आजचं पाणी आज निघणार, तेवढं त्याला पुरेसं होतं.

तिसरा तास संपताना सोमारीबाईचा श्वास सावकाश झाला. सिस्टरांनी पलंगाची डोक्याकडची बाजू थोडी खाली केली, तशी ती झोपली. पूल खुला होईपर्यंत मायने आपल्याकडेच राहायचं, हे माधवीने परस्पर ठरवून टाकलं होतं. तिच्यासाठी बिनमिठाचं वरण करायला ती घरी गेलीही.

दिनेशने आता कुठे हॉलभर नजर फिरवली. "सिस्टर, एवढ्या मशीन रिकाम्या काऊन?"

"नदीपलीकडचे सहा पेशंट आलेच नाहीत. फोन केले तर पूल बंद म्हणतात."

दिनेशने खुशालकडे पाहिलं. कालपासून जागा असलेला खुशाल बाकावर भिंतीला टेकून पेंगत होता. दिनेशने त्याचा खांदा हलवला.

"पलीकडं जाची दुसरी गाडी केव्हा हाये?"

"संध्याकाळी हाये एक. काऊन?"

दिनेश सिस्टरांच्या टेबलाशी गेला. "त्याइले परत फोन लावा न सिस्टर. मी बोलतो."

सिस्टरांनी पहिला नंबर फिरवून रिसीव्हर त्याच्या हातात दिला.

"हॅलो, भाऊ, मी सोमारीबाईचा पोरगा बोलून राह्यलो. रेल्वेनं येता येते, आमी आज मायले आणलं. जिना हाये, पण चढता येते. तुमच्या घरी उचलाले माणसं हायेत का? नसतीन तं आमी दोघं येतो."